नदीकडच्या घराचा निरोप

आमच्या मळ्यातल्या प्रत्येक घरी दाराच्या मागे एक कागद चिकटवलेला होता. त्यावरचं अक्षर माझं. वर लिहिलं होतं ‘बिबट्या दिसल्यास’, आणि खाली कोणत्या घराने कोणत्या घराला फोन करायचा ते बाणांनी दाखवलं होतं. मागच्या हिवाळ्यात या कागदामुळे एका बाईच्या खांद्याला टाके पडले. कागदामुळे नव्हे, बिबट्यामुळे, असं तुमचे आजोबा म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. म्हणून काय झालं ते तुम्हा भावंडांसाठी क्रमाने लिहून ठेवते. तुमच्या ताईला यातलं बरंच माहीत आहे, कारण ती तिकडे परदेशात विद्यापीठात ज्याचा अभ्यास करते त्याच्याशीच याचा संबंध निघाला. पण तिलाही सगळं माहीत नाही.

तुम्ही इथे शेवटचे आलात तेव्हा लहान होतात, त्यामुळे मळा तुम्हाला आठवत नसेल. आळेफाट्यावरून नदीच्या बाजूला उतरलं की गाव मागे राहतं आणि घरं शेतांमध्ये विखुरलेली दिसतात. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या जमिनीत, आणि दोन घरांच्या मध्ये ऊस. ऊस डोक्याच्या वर गेला की शेजारचं घर दिसेनासं होतं. त्या उसात बिबटे राहतात आणि तिथेच त्यांची पिल्लं होतात. इथले लोक बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो दिसला नाही असा आठवडा हिवाळ्यात क्वचित जातो. दिसला की बाकीच्यांना कळवायला हवं, कारण त्याच वेळी कुणीतरी वाकून गवत कापत असतं. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही.

गावाचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्यावर सकाळी फुलं येतात, दुपारी वाढदिवस आणि संध्याकाळी कुणाची तरी हरवलेली शेळी. बहुतेकांनी त्याचा आवाज बंद करून ठेवला आहे. शिवाय मोठा फोन असतो पुरुषांच्या खिशात, आणि गवताला जातात बाया. त्यांच्याकडे बटणांचे साधे फोन. म्हणून मळ्यातल्या लोकांनी ठरवलं की फोनची साखळी करायची, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन इथे आले आणि फाट्यावरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मला इथे सगळे ‘बाई’ म्हणतात. काही नीटनेटकं करायचं असलं की ते बाईंकडे.

साखळी लावताना मी भावकी धरली. भावकी म्हणजे एकाच खापरपणजोबाची घरं. लग्नाला, बाराव्याला, जत्रेला ती एकत्र येतात, सुतकही एकत्र पाळतात. आमच्या मळ्यात अशा चार भावक्या. प्रत्येकीचं एक मोठं घर, तिथून पुढे भावाकडून भावाकडे. कागद इतका स्वच्छ झाला की आजोबा म्हणाले, “आता वाघालासुद्धा एक प्रत दे.”

पहिल्या वर्षी एक चूक झाली, ती सांगायला हवी, कारण पुढची मोठी चूक तिच्यातूनच निघाली. गणपतीत दोन चुलत भावांच्या घरांत आरतीच्या मानावरून भांडण झालं. मी लगेच साखळी बदलली आणि त्या दोन घरांमध्ये तिसरं घर घातलं. नवा कागद लावला. दसऱ्याला ते दोघे सोनं द्यायला एकत्र माझ्याच ओट्यावर आले आणि त्यांतला मोठा म्हणाला, “बाई, आमी आठ दिवस भांडलो. तुमी तर आमची भावकीच फोडली, कागदावर.” मी शरमले. जुना कागद पुन्हा लावला आणि मनाशी ठरवलं, यापुढे कुणाच्या भांडणावरून यादीला हात लावायचा नाही. भांडणं येतात आणि जातात, भावकी राहते.

नदीच्या अगदी काठाला एक घर आहे. त्याच्या पुढे घर नाही. तिथे दोन जावांमधली धाकटी राहायची. तिच्याबरोबर नवरा आणि म्हातारी सासू. नवरा फाट्यावर गॅरेजमध्ये कामाला, दिवसभर घरी नाही. सासूकडे फोन नाही. थोरली जाऊ तिथून दोन शेतं अलीकडे, बांधाला लागून. सख्ख्या जावा. माझ्या कागदावर थोरलीच्या घरापासून नदीकडच्या घराकडे एकच बाण जात होता. दुसरीकडून त्या घराकडे काहीच येत नव्हतं.

दोघींचं बोलणं बंद झालं ते ट्रॅक्टरच्या वाटेवरून. धाकटीचा ऊस बाहेर काढायला थोरलीच्या रानातून वाट, आणि एका वर्षी थोरलीने तिथे कांदा लावला. एवढंच. मला हे माहीत होतं. मळ्यात सगळ्यांना माहीत होतं. मध्ये एका लग्नात दोघी शेजारी बसून भाज्या निवडताना दिसल्या तेव्हा मला वाटलं, मिटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बंद. असं दोन वर्षं चालू होतं. मी कागद तसाच ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळचे साडेचार-पाच वाजले असतील. ऊसतोडणी चालू होती. मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांचा तळ नदीकाठी पडला होता. त्यांनी एक फड तोडत आणला आणि शेवटच्या पट्ट्यातून मादी बिबट्या दोन पिल्लांना घेऊन नदीच्या बाजूला गेली. तोडणाऱ्यांनी मुकादमाला सांगितलं, त्याने शेताच्या मालकाला, आणि साखळी सुरू झाली. माझ्या घरी फोन आला, मी पुढे लावला, घड्याळ पाहिलं. दहा-बारा मिनिटांत सगळ्या मळ्याला कळलं. थोरलीलाही कळलं.

धाकटी त्या वेळी गायींसाठी बांधावरचं गवत कापत होती. मादी मागून आली. पंजा धाकटीच्या डाव्या खांद्यावर पडला आणि धाकटी पुढे चिखलात गेली. तळावरच्या दोन बाया कोयते घेऊन ओरडत धावल्या म्हणून मादी पळाली. धाकटीला फाट्यावरच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी आधी थोरलीकडे गेले. ती कांद्याच्या वाफ्यात उभी होती, काम न करता.

“तू फोन लावला होतास का?” मी विचारलं.

“लावला की. मिस्कॉल दिला.”

“मिस्कॉल?”

“दोन वेळा रिंग दिली अन् कट केला. तिला समजाया नको? मी कशाला कधी मिस्कॉल देते तिला? काय तरी असंल म्हनूनच ना.”

“पण बोलली का नाहीस?”

“बोलत न्हाई आमी, बाई,” ती म्हणाली, जणू हे मला आत्ताच कळत होतं. मग तिने तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली.

धाकटी दवाखान्यात पालथी झोपली होती. तिचं माहेर डिंभ्याचं, धरणाच्या काठचं. तिकडची गाडी आली तर आली, त्यामुळे माहेरचं अजून कुणी पोचलं नव्हतं. मी जवळ बसले. तिने मान वळवली.

“मिस्कॉल बगितला मी,” ती आपणहून म्हणाली. “बगितला अन् मनात म्हनलं, दोन वर्सं त्वांड उघडलं नाय, आता रिंगा देती. गरज असंल तर करंल परत. फोन कमरेला खोचला अन् इळा घेतला.” मग म्हणाली, “बाई, तुमचा कागद दाराला व्हता. पर त्यात बोलायचं कसं त्ये नव्हतं.”

 त्या दोघींच्या हट्टाला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत होते, आणि बऱ्याच जणांनी तसं केलंही. पण दोन वर्षं न बोलणाऱ्या दोन बायांच्या मध्ये बाण काढून मीच तो तिथे ठेवला होता. आणि मादी पिल्लांसह अजून नदीकाठीच होती. वनखात्याने पिंजरा लावला होता, ती त्यात जात नव्हती. चार-सहा दिवसांनी धाकटी घरी येणार, आणि तिला कळवणारं कुणी नाही. यादी नव्याने करायला हवी होती. कशावरून करायची, ते मला कळेना.

रविवारी ताईचा फोन आला. इथे सकाळ, तिच्याकडे अजून शनिवारची रात्र. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आजी, मी इथे हेच करते.”

“बिबट्यांवर?”

“नाही गं. कोण कुणाशी जोडलेलं आहे याची जाळी. त्यात गट शोधायचे. आणि जाळं रोज बदलत असतं, तर गटही बदलतात. ते कसे ओळखायचे, हा माझा विषय.”

मी म्हटलं, “मग मला सांग, मी चुकले कुठे.”

“तू लोकांना विचारलंच नाहीस. भावकी म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं चित्र. आज कोण कुणाशी बोलतं, ते त्यात नाही.”

“आणि मी एकदा भांडण पाहून बदल केला, तेव्हाही चुकले.”

“हो. कारण तेव्हा तू एकाच दिवसाकडे बघितलंस,” ती म्हणाली. “रोजचं वेगळं चित्र काढलं तर प्रत्येक रुसवा फूट वाटतो. सगळी वर्षं एकत्र कालवली तर खरी फूटसुद्धा दिसत नाही. म्हणून कालच्या चित्रातलं थोडं धरून ठेवायचं आणि आजचं थोडं घ्यायचं.”

“थोडं म्हणजे किती?”

ती हसली. “त्यावरच तर आमची भांडणं होतात, आजी.”

तिने मला काम सांगितलं. दर सोमवारी घरोघर जाऊन प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारायचा, गेल्या आठवड्यात कुणाकुणाशी बोललीस. नातं विचारायचं नाही, पटतं का विचारायचं नाही. आणि ती यादी तिला पाठवायची. मी वही घेऊन निघाले. या वयात चालणं जमतं, पण कुत्र्यांचं भय वाटतं, म्हणून काठी.

बाया हसल्या. एकजण म्हणाली, “बाई, शाळा सुटली, पर हजेरी नाय सुटली तुमची.” दुसरीने विचारलं, “नवऱ्याशी बोललेलं धरायचं का?” मी म्हटलं, धरायचं. “मंग लिवा, न्हाई बोलले.” आत चुलीपाशी तिची सून फस्सकन हसली. तिसऱ्या सोमवारपर्यंत मात्र त्या मी दिसायच्या आधीच मोजून ठेवू लागल्या. एकीने तर सांगितलं, “ह्या आठवड्यात कुनाशीच न्हाई,” आणि मग स्वतःलाच त्याचं नवल वाटल्यासारखी ती पुन्हा बोटांवर मोजू लागली. मी वही मिटून तिच्याजवळ थोडा वेळ बसले.

ताईने चित्रं पाठवली. प्रत्येक घराचा एक ठिपका, बोलणाऱ्या दोघींमध्ये रेघ, आणि आपापसात जास्त बोलणाऱ्यांना एक रंग. दर आठवड्याचं एक चित्र. शिवाय सगळे आठवडे जोडणारं एक लांब चित्र, त्यात रंगांचे पट्टे नद्यांसारखे वाहत होते, कुठे दोन मिळत होते, कुठे एकाचे दोन होत होते. मी भिंग घेऊन पाहत बसले. माझ्या चार भावक्या त्यात कुठेही नव्हत्या. एक पट्टा होता सकाळी डेअरीवर दूध घालायला जाणाऱ्या बायांचा. तो सगळ्यात स्थिर. एक होता टोमॅटो तोडायला पिकअपमधून जाणाऱ्यांचा. तो दर आठवड्याला रुंद-अरुंद व्हायचा, कारण काम असेल तसं माणूस. आणि फाट्याच्या वाटेवरच्या किराणा दुकानातल्या भाभींचा ठिपका कोणत्याच रंगात टिकत नव्हता. त्यांच्या घराण्याला राजस्थानातून येऊन तीन पिढ्या झाल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा रसाळ आहे. भावकीत त्या बसत नव्हत्या, म्हणून माझ्या कागदावर त्यांचं घरच नव्हतं.

माझा ठिपका मी शोधला. तो कडेला होता. मी स्वतः विचारत फिरले ते बोलणं ताईने धरलं नव्हतं, आणि ते सोडलं तर कुणीही “बाईंशी बोलले” असं सांगितलं नव्हतं. एका भाभींशिवाय. तीस वर्षं यांच्या मुलाबाळांना शिकवून, हे मला चित्रातून कळलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नदीकडच्या घराचं पाहायचं होतं. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे रेघाच रेघा, कारण सगळे भेटायला गेले होते. दुसऱ्यात निम्म्या. चौथ्या आठवड्यात दोनच उरल्या. एक दुकानाकडे. दुसरी ऊसतोड्यांच्या तळाकडे.

“या घराचा गट म्हणजे हा तळ आहे,” ताई म्हणाली. “बघ किती जाड रेघ आहे.”

ते खरं होतं. तळावरच्या बाया धाकटीच्या हापशावरून पाणी न्यायच्या, आणि गायींसाठी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणून टाकायच्या. जखम भरेपर्यंत तिच्या गायींची धारही त्यांतल्या एकीने काढली. वाघ दिसला तर त्या हाका मारून सांगायच्या. पाच आठवडे त्या घराला निरोप पोचला तो त्यांच्यामुळे.

मी ताईला म्हटलं, “पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तळ उठणार. अजून पंधरा दिवस.”

 ताई हळूच म्हणाली, “आमच्याकडे त्याला गट मरणं म्हणतात.”

“तुमच्याकडे शब्द आहे,” मी म्हटलं. ते मी जरा तोडूनच म्हटलं, आणि नंतर मला वाईट वाटलं. ताई, हे वाचशील तेव्हा राग धरू नकोस.

मी नवा कागद केला. भावकी काढली. डेअरीच्या बायांपासून सुरुवात, तिथून पिकअपवाल्यांकडे, आणि नदीकडच्या घराला दुकानातून फोन. भाभी तयार झाल्या, पण त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं. “बाई, मी करीन. पण संध्याकाळी दुकानात गर्दी असते, तेव्हा माझा भरवसा धरू नका. आणि एक सांगू? सगळे माझ्यापाशी येऊन बोलतात म्हणजे ते माझे झाले असं नाही. त्या दोघी जावा एका वेळी दुकानात आल्या तर एक बाहेर उन्हात उभी राहते. मी दोघींना साखर देते. पण त्या दोघींना एकत्र दुकानात उभं करणं माझ्या हातात नाही.”

तळ उठला. त्या सकाळी ट्रकमधून भांडी, कोंबड्या, पोरं आणि बैलांच्या झुली गेल्या. काठावर चुलींचे काळे डाग तेवढे राहिले. त्यानंतर आठवडाभराने मी दुकानात गेले तर भाभी म्हणाल्या, “नदीकडचं घर बंद होतंय, माहीत आहे ना?” मला माहीत नव्हतं. मला सांगणार कोण?

मी तशीच पुढे गेले. अंगणात पिकअप उभी होती, तिच्यात पत्र्याची पेटी आणि गाद्या. धाकटी एका हाताने गाठोडं बांधत होती. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

“फाट्यावर खोली घेतली, बाई. गॅरेजच्या मागं,” ती म्हणाली. “तिथं वाघ येत न्हाई.”

“आणि सासूबाई?”

सासू बांधावर उभी होती आणि तिच्या शेजारी, सासूची पिशवी हातात धरून, थोरली. म्हातारी थोरलीकडे राहणार होती. दोघी जावा एकमेकींकडे न बघता म्हातारीशी बोलत होत्या. “आई, तिला सांगा, तुमच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या हायत.” “आई, सांगा तिला, मला दिसतंय चिठ्ठीवर.” म्हातारी मान इकडून तिकडे फिरवत होती आणि काहीच सांगत नव्हती. शेवटी ती वैतागून म्हणाली, “मला काय ऐकू येत न्हाई का गं भवान्यांनो, का तुमास्नी?”

मी धाकटीला म्हटलं, “तुझं घर मी यादीतून काढत नाही.”

“काढा,” ती म्हणाली. “न्हाईतर तिला वाटंल, मी माघारी येनार हाय.” आणि पिकअपमध्ये चढली.

घरी येऊन मी कागद समोर घेतला, पण रेघ मारली नाही. संध्याकाळी माझा फोन वाजला. थोरली होती. तिने मला कधी फोन केला नव्हता.

“बाई, तुमी नाव काढलं का तिचं?”

“अजून नाही. का?”

“काढू नका. गायी इथंच हायत. फाट्यावर त्या खोलीत गायी कुटं बांधती? गोठा नदीकडंच. ती रोज दोन टायमाला धारंला येनार. सकाळी उजाडताना अन् सांजच्याला पाच-साडेपाचला.” मग म्हणाली, “तीच येळ वाघाची.”

मला हे कसं सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते. घर बंद झालं म्हणजे माणूस सुटलं, असं मी धरलं होतं. उलट आता ती एकटी, बंद घराच्या मागे, गायीच्या पोटाशी वाकलेली असणार होती. सासू नाही, तळ नाही, शेजार नाही. आणि पाच वाजता दुकानात गर्दी.

“तू सांगशील तिला?” मी विचारलं. “तुझ्याच रानाच्या कडेने जाणार ती.”

“मी न्हाई सांगनार. तुमी सांगा.”

त्या दिवसापासून मी रोज दोनदा धाकटीला फोन करते. सकाळी ती निघायच्या आधी, आणि दुपारी साडेचारला. त्याआधी डेअरीच्या बाईला, पाण्याच्या मोटारीवर जाणाऱ्या एका शेजाऱ्याला आणि थोरलीला विचारते, काही दिसलं का, कुत्री भुंकली का. मग धाकटीला सांगते. ती “हां बाई” म्हणते आणि ठेवते. तीन वेळा मी तिला थांबवलं. तीनही वेळा ती तास-दीड तास उशिरा गेली, नवऱ्याला बरोबर घेऊन.

ताईने पुढचं चित्र पाठवलं तेव्हा ती खुशीत होती. दोघी जावा आता एका रंगात आल्या होत्या. “आजी, गट परत जुळला,” ती म्हणाली. मी चित्र पाहिलं. थोरलीकडून रेघ माझ्याकडे, माझ्याकडून धाकटीकडे. त्या दोघींच्या मध्ये काहीच नाही. माझ्या लक्षात आलं की मी फोन करते आहे तोवर त्यांना एकमेकींशी बोलायची गरजच उरलेली नाही. थोरलीला जे कळतं ते धाकटीपर्यंत पोचतं, आणि दोघींचा हट्ट जागच्या जागी राहतो. मला सत्तर उलटून किती वर्षं झाली ते तुम्हाला माहीत आहे. गुडघा गेला, कान गेला, किंवा चार दिवस ताप आला, की त्या गोठ्याला पुन्हा निरोप नाही. मी यादी दुरुस्त केली नव्हती. यादीतला तुटका भाग माझ्या अंगाने झाकला होता.

दोन रात्री विचार केला. आजोबा म्हणाले, “समेट घडवायला जाऊ नकोस. तुझ्याने होणार नाही.” ते बरोबर होतं.

परवा दुपारी चार वाजता मी काठी घेतली आणि थोरलीच्या ओट्यावर जाऊन बसले. तिने पाणी दिलं. म्हातारी आत झोपली होती. मी म्हटलं, “माझ्या फोनला घरात रेंज येत नाही हल्ली.” हे खोटं होतं, आणि थोरलीला ते कळलं असावं. साडेचारला मी धाकटीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन ओट्यावर, आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला.

“हां बाई,” धाकटीचा आवाज आला. मागे गॅरेजमधला हातोडा वाजत होता.

“डेअरीकडे काही नाही,” मी म्हटलं. “मोटारीवाल्यानेही काही पाहिलं नाही. मी आत्ता थोरलीच्या ओट्यावर बसले आहे.”

 हातोडा थांबला होता, की ती बाजूला गेली होती, कळेना. फोन बंद झाला नव्हता. थोरली फोनकडे न बघता शेंगा सोलत होती. मग ती मला म्हणाली, नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, “बाई, तिला सांगा, दुपारपासनं गोठ्यामागच्या उसावर कावळे वरडत्यात. वारा न्हाई तरी वरचा शेंडा हलतोय. आज एकटीनं येऊ नगं म्हनावं. मी बॅटरी अन् काठी घेऊन बांधावर थांबते, धार हुईस्तोर.”

मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं राहिलंच नव्हतं.

“ऐकलं म्हनावं,” धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवला.